कारणाची रिकामी ओळ

बोरसे मॅडमना ‘कसं काय, बरं आहे ना?’ असं विचारायची सोय नव्हती. आपण सवयीनं विचारतो, समोरच्यानं सवयीनं ‘बरंय’ म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं, एवढीच त्या प्रश्नाची लायकी. पण मॅडम थांबायच्या. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या, खरोखर विचार करायच्या आणि म्हणायच्या, “नाही. झोप नाही झाली. कारण शेजारी हळदीचा बँड होता.” सकाळी मस्टरवर सही करायच्या गर्दीत हे ऐकायला कुणाला वेळ असतो? लोक पुढच्या वेळी नुसती मान हलवून निघून जायचे. मीही त्यातलाच.

धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी नव्यानं लागलो होतो. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. कॉम्प्युटरची शाखा नवी, इमारतीला अजून रंग नाही, लॅबमध्ये आठ मशीन आणि त्यातली चालू पाच. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण धुळीनं मशीन आजारी पडतं असा सगळ्यांचा समज. विभागात आम्ही तिघं. त्यात वयानं, शिक्षणानं आणि थकव्यानं मोठ्या त्या बोरसे मॅडम. चाळिशीच्या. मुंबईत शिकून, तिथं दोन-चार वर्षं नोकरी करून परत आलेल्या. नवरा नरडाण्याला स्टेशनवर बुकिंग क्लार्क, म्हणून राहायला नरडाण्याला आणि रोज एसटीनं जा-ये. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि दुपारी तीनला माणसाचा चेहरा जसा दिसतो तसा त्यांचा सकाळी दहालाच दिसायचा. त्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. चिडायला जो जोर लागतो तो त्यांनी आधीच कुठेतरी खर्चून टाकला असावा.

त्यांचा विषय फंक्शनल प्रोग्रामिंग. ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे ज्यांना दुसरीकडे जागा मिळाली नाही ते सगळे इथं. पहिल्या तासाला त्या सांगायच्या, फंक्शन म्हणजे पिठाची गिरणी समजा. एका बाजूनं दाणे घालायचे, दुसऱ्या बाजूनं पीठ घ्यायचं. गिरणीनं मधेच उठून शेजाऱ्याशी बोलायचं नाही, कुणाची उसनवारी करायची नाही. आज जे दाणे घालून जे पीठ मिळालं, तेच दाणे उद्या घातले तर तेच पीठ मिळालं पाहिजे. इथवर पोरांना पटायचं. मग त्या विचारायच्या, “आणि दाण्यात खडा निघाला तर?” आणि तिथून त्यांचं खरं शिकवणं सुरू व्हायचं.

खडा निघाला तर काय करायचं, याबद्दल आमच्या पोरांत अजिबात एकमत नव्हतं. एकाचं फंक्शन अडलं की शून्य परत द्यायचं. दुसऱ्याचं उणे एक. तिसऱ्याचं काहीच द्यायचं नाही, नुसते हात वर. चौथ्याचं पडद्यावर ‘सॉरी’ छापून बंद पडायचं. मॅडमनी एकदा या चौघांना फळ्यासमोर ओळीनं उभं केलं आणि मागच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, “तुझं काम या चौघांच्या हातून होऊन तुझ्याकडे येणार. तुझ्या हातात शून्य पडलं. काय समजशील?” ती मुलगी गोंधळली. “मॅडम, उत्तरच शून्य असेल. किंवा कुणीतरी अडलं असेल.” “कुठलं खरं?” “माहीत नाही.” “बस खाली. तुझं बरोबर आहे, या चौघांचं चुकलंय. घरातल्या चार माणसांच्या ‘नाही’ म्हणायच्या चार तऱ्हा असतील तर सुनेनं काय करायचं?”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन कप्प्यांचा डबा काढला. वरचा कप्पा लहान, खालचा मोठा. “प्रत्येक फंक्शननं परत देताना हा डबाच द्यायचा. दुसरं काही नाही. वरच्या कप्प्यात दोनच गोष्टी चालतील, ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’. झालं असेल तर खाली उत्तर. नाही झालं असेल तर खाली कारण. पुढच्यानं आधी वरचा कप्पा बघायचा. झालं असेल तर उत्तर घेऊन कामाला लागायचं. नाही झालं असेल तर डब्याला हात न लावता तो तसाच पुढे सरकवायचा. शेवटी जो बसलाय त्याच्यापर्यंत ते कारण जसंच्या तसं पोचलं पाहिजे. वाटेत कुणी त्यात साखर घालायची नाही.”

एका हुशार पोरानं हात वर केला. “मॅडम, बहुतेक वेळा तर सगळं झालेलंच असतं. मग दर वेळी डबा कशाला?”

“ज्या वेळी होत नाही ती वेळ आधी सांगून येत नाही म्हणून.”

पोरांनी त्यांचं नाव ‘डबा मॅडम’ ठेवलं. त्यांना ते माहीत होतं. खरं तर त्यांचा जेवणाचा डबाही दोन कप्प्यांचाच होता आणि तो बोरसेभाऊ भरायचे, कारण भाऊंची ड्यूटी दुपारची असायची. वरच्या कप्प्यात चिठ्ठी. “झालं. भेंडी.” किंवा “पोळ्या नाही झाल्या. कारण गॅस संपला. केळी ठेवली आहेत.” स्टाफरूममध्ये मॅडम आधी चिठ्ठी वाचायच्या, मग खालचा कप्पा उघडायच्या. मला पहिल्यांदा वाटलं, हा नवरा-बायकोचा काहीतरी विनोद असेल. काही महिन्यांनी कळलं की विनोद वगैरे काही नाही, त्यांच्या घरात असंच बोलतात.

सगळ्यात पंचाईत व्हायची ती आमच्या दगाभाऊची. दगाभाऊ लॅबचा शिपाई. पंखा दुरुस्त झाला का, विचारलं की तो म्हणायचा, “हुई जाई ना म्याडम. काम काय पयी जाई ऱ्हायनं का?” म्हणजे काम काय पळून चाललंय का? मॅडम त्याच्याशी अहिराणीतच बोलायच्या. “दगाभाऊ, व्हयनं का नही व्हयनं?” “हुई जाईच ना.” “म्हंजे नही व्हयनं. का बरं नही व्हयनं?” असं तिसऱ्यांदा विचारल्यावर दगाभाऊ डोकं खाजवत सांगायचा की वायरमन पारोळ्याला गेलाय, साडूच्या घरी, परवा येईल. “हां. मंग हाईच पैले सांगं ना भाऊ,” असं म्हणून मॅडम वहीत लिहून ठेवायच्या. दगाभाऊ नंतर माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, “पवार सर, ही बाई आपलं बठ्ठं पोटमानं काढी लेस.” पोटातलं सगळं काढून घेते म्हणे. पण वर्षभरानं मी पाहिलं, मॅडम दिसल्या की तो लांबूनच ओरडायचा, “नही व्हयनं म्याडम! ट्यूब भेटनी नही!” आणि त्याला त्यात चक्क मोकळं वाटत होतं.

हे सगळं वेड त्यांच्यात कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी एका कामासाठी शिरपूरला निघालो होतो, त्या नरडाण्याला. एसटीत शेजारी जागा मिळाली. मी सहज म्हणालो, “मॅडम, लोकांना तोंडावर नाही म्हणणं जड जातं हो.” त्या म्हणाल्या, “आमचे आबा शिंदखेड्याला पोस्टमन. माझ्या वेळी एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, माणसं चांगली. पोहे खाल्ले, पत्रिका घेतली, म्हणाले कळवतो. आबा रोज सकाळी टपाल निवडायला बसायचे. सगळ्या गावाची पत्रं त्यांच्या हातातून जायची. आपलं नाव दिसतंय का बघायचे. दुसरं स्थळ कुणी सुचवलं की म्हणायचे, अजून त्यांनी नाही म्हटलेलं नाही. अकरा महिने, पवार सर. नाही म्हटलं असतं तर आबा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला गेले असते.”

“आणि मग?”

“मग काय. त्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली. आबांनीच आणून दिली, त्यांच्याच वाटपात होती.” आणि म्हणाल्या, “बोरसे बघायला आले तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणाले. मला बाकी काही बघायचंच नव्हतं.”

पाण्याचं काम आलं ते यानंतरचं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत हापशांचं पाणी तपासायची एक योजना होती. बाटल्या भरून धुळ्याला यायच्या, धुळ्याहून एसटीनं जळगावच्या प्रयोगशाळेत जायच्या, आणि तिथले आकडे कॉम्प्युटरवर घालून गाववार अहवाल छापून द्यायचं काम आमच्या विभागाकडे आलं. मुख्य पाहायचं होतं ते नायट्रेट. खतातून, उकिरड्यातून ते जमिनीत झिरपतं. मोठ्या माणसाला ते सहसा लगेच जाणवत नाही, पण वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला बाधतं, जिवावरही बेततं. मॅडमनी शेवटच्या वर्षाच्या पोरांना घेऊन प्रोग्रॅम लिहिला. अर्थातच डब्याच्या पद्धतीनं. आकडा वाचणारं एक फंक्शन, मर्यादेशी ताडून पाहणारं दुसरं, ‘पिण्यास योग्य’ की ‘अयोग्य’ ते छापणारं तिसरं. आकडा नसेल तर शेवटी कागदावर छापून यायचं, ‘नाही झालं’, आणि पुढे कारण.

आणि अकरा गावांपुढे तसं छापून आलं. वाटेत पारोळ्याचा बाजार होता. स्टँडवर कंडक्टरनं मिरच्यांच्या पोत्यांना जागा करायला बाटल्यांचं खोकं टपावर चढवायला लावलं आणि ते वरून खाली आलं. प्रयोगशाळेतल्या कारकुनानं प्रामाणिकपणे लिहून पाठवलं होतं. ‘बाटली फुटली’, अकरा वेळा.

त्या आठवड्यात बोरसेभाऊंचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, मॅडम रजेवर. संध्याकाळी पाचला प्राचार्यांनी मला बोलावलं. अहवाल त्यांच्या टेबलावर. “पवार, हे काय रडगाणं छापलंय? नाही झालं, नाही झालं. जिल्ह्याला असा कागद जात नाही. सकाळी माणूस न्यायला येतोय. रकाना भरा.”

“सर, त्या बाटल्या फुटल्या.”

“मग शून्य टाका. शून्य म्हणजे काहीच नाही. त्यात खोटं काय आहे?”

त्यात खोटं काय आहे ते मला माहीत होतं. त्या चार पोरांना फळ्यासमोर उभं केलं तेव्हा वर्गाच्या मागे मीही उभा होतो, ऐकायला. पण मी “हो सर” म्हणालो, लॅबमध्ये गेलो आणि एका ओळीचा बदल केला. ‘नाही झालं’ आलं तर शून्य घे. पाच मिनिटांचं काम. पुढच्या फंक्शनला आकडा हवा होता, त्याला आकडा मिळाला. शून्य मर्यादेच्या आत बसतं. त्यानं इमानेइतबारे अकरा गावांपुढे ‘पिण्यास योग्य’ छापलं. तो कागद मी स्वतः प्रिंटरवरून फाडून घेतला. अकराही ओळी माझ्या डोळ्यांखालून गेल्या. मी फक्त ‘नाही झालं’ कुठे उरलंय का, एवढंच बघत होतो.

मॅडम आठ दिवसांनी आल्या. पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, “पाण्याचा अहवाल गेला?”

“झालं,” मी म्हणालो.

त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. दगाभाऊला त्या तीन-तीनदा विचारायच्या, पण ‘झालं’ या शब्दावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. तो त्यांनीच आम्हाला शिकवलेला शब्द होता. मला तेव्हा किंचित लाज वाटली आणि चहा आल्यावर ती गेली.

नंतर काही महिन्यांनी, ऐन कामाच्या दिवशी, विभागाच्या दारात एक वयस्क गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा पायजमा, टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद आणि दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेली सरबताची बाटली. शिरपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरालगतच्या एका गावी शाळेत मास्तर होते. गुरुजी आत यायला तयार नव्हते, चपला कुठे काढायच्या ते विचारत होते. मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं.

“म्याडम, हाऊ कागद तुमनाच कालेजना शे ना?”

“हो, आमनाच. काय व्हयनं गुरुजी?”

“मना नातू शे. तीन महिनाना. त्यानी मायले दूध नही, म्हनीसन वरनं दूध देतस, पानी टाकीसन. त्याना व्हट निळा पडी जातस. डाक्टरनी इचारं, पानी कोठलं शे? मी हाऊ कागद दखाडा. डाक्टर बोलना, कागदवर तं पानी चांगलं शे, मंग पानीनं काही नही, दुसरं काही दखू. आते पोऱ्या धुयाले दवाखानामा शे. दुसरं काही सापडस नही.” आणि बाटली पुढे करून ते म्हणाले, “आम्ही तं पानी उकाळीसनी देतस, म्याडम.”

मॅडमनी कागद उलगडला. त्या गावाच्या ओळीवर बोट ठेवलं. मी समोरच्याच टेबलाशी होतो. त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “शून्य? जळगावहून एवढे आकडे आले, एकही नुसतं शून्य नव्हतं. म्हणजे इथं आकडाच नव्हता.” मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“पवार सर, हे कसं झालं?”

मला उत्तर ठाऊक होतं. एका वाक्याचं होतं. आणि मी म्हणालो, “बघतो, मॅडम.”

त्या उठल्या, कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. ‘या गावाचे पाणी तपासलेले नाही. छापील अहवाल चुकीचा आहे. कृपया पाणीच कारण असू शकते असे धरून चालावे.’ खाली सही. रजेचा अर्ज न देता त्या गुरुजींना घेऊन रिक्षानं दवाखान्यात गेल्या. वाटेत गुरुजींना सांगितलं म्हणे, उकळून ते जात नाही, बाळाला हे पाणी बंद करा. हे मला दगाभाऊनं नंतर सांगितलं, तो सोबत गेला होता. मी गेलो नाही. मी बघतो म्हटलं होतं ना.

संध्याकाळी त्या परत आल्या, मशीनसमोर बसल्या आणि दहा मिनिटांत माझी ओळ शोधून काढली. तेवढं पान छापून घेतलं. ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित केली आणि पानाच्या वरती लिहिलं, ‘नाही झालं.’ त्याखाली, ‘कारण:’ आणि पुढे ओळ रिकामी. पान माझ्या टेबलावर ठेवलं आणि पिशवी उचलून एसटीला निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

नातू वाचला. पंधरा दिवस दवाखान्यात होता, पण वाचला. त्या हापशाच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या किती तरी वर निघालं. हे कळलं, कारण मॅडमनी ती अकराही गावं स्वतः केली. रविवारी नरडाण्याहून निघायचं, एसटी नेईल तिथवर जायचं, पुढे बैलगाडी किंवा पायी. बाटल्या जुन्या साडीत गुंडाळून पिशवीत, आणि पिशवी मांडीवर. जळगावला त्या स्वतः घेऊन जायच्या, पारोळ्याला खाली उतरायच्या नाहीत. पूर्ण उन्हाळा गेला त्यात. सोमवारी कॉलेजात यायच्या त्या उन्हानं काळवंडलेल्या आणि टेबलावर डोकं टेकून दोन मिनिटं बसायच्या. अकरातले तीन हापसे वाईट निघाले. नवा अहवाल जोडपत्रासह गेला आणि प्राचार्यांनी त्यावर काही न बोलता सही केली. त्या तीन हापशांना लाल रंग लावला, हेही मॅडमनीच जाऊन पाहून आल्यावर वहीत लिहिलं.

मला शिक्षा झाली नाही. कुणाला काही कळलंच नाही. मॅडमनी माझं नाव कुठे घेतलं नाही, बोलणंही सोडलं नाही. फक्त त्यांनी मला विचारणं बंद केलं. पूर्वी दिवसातून दहा वेळा, “पवार सर, पेपर सेट झाला? झालं? नाही झालं?” असं चालायचं. आता त्या स्वतः जाऊन कपाट उघडून बघायच्या. दगाभाऊला विचारायच्या, पोरांना विचारायच्या, मला नाही. मी आपण होऊन “मॅडम, झालं” म्हणालो तर “हो का” म्हणायच्या आणि जाऊन बघायच्या. हे मला किती लागलं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. घरी बायको ‘भाजी आणली का’ विचारायची तेव्हासुद्धा मी पिशवी उघडून दाखवायचो.

ती रिकामी ओळ भरायला मी अनेकदा पेन काढलं. ‘प्राचार्यांनी सांगितले म्हणून’ असं लिहिता आलं असतं. ते खोटं नव्हतं. पण मॅडमनी ते वाचून पान परत माझ्याच टेबलावर ठेवलं असतं, याची खात्री होती. दोनेक वर्षांनी मला जळगावला नोकरी मिळाली आणि पान तसंच फाइलीत घेऊन मी धुळं सोडलं. पुढे मॅडमनीही कॉलेज सोडल्याचं ऐकलं.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी मी शिरपूरहून एक लग्न आटोपून परत येत होतो. धुळ्याला गाडी बदलून पुढे जळगाव. नरडाण्याला एसटी थांबली तेव्हा स्टँडच्या बाकावर बोरसे मॅडम दिसल्या. केस बरेच पांढरे झालेले, गुडघ्यावर हात, आणि मांडीवर पिशवी. तिच्यातून जुन्या साडीची किनार बाहेर डोकावत होती. मी खाली उतरलो.

“मॅडम, अजून?”

“वर्षातून दोनदा करते. योजना बंद झाली, हापसे आहेतच की.” त्या बसल्या जागेवरून उठल्या नाहीत. “तीन-चार दिवस फिरून कालच आले. आज जळगावला न्यायच्यात. या गाडीनं जाणार होते, पण गुडघा म्हणतोय नको. नुसता विचार करत बसलेय.”

ड्रायव्हर चहाच्या टपरीकडे गेला होता. म्हणजे पाच मिनिटं होती. मी त्यांच्या शेजारी बसलो, आणि इतक्या वर्षांत पेनानं जे उतरलं नव्हतं ते तोंडानं बाहेर आलं.

“मॅडम, ते पाण्याचं नाही झालं. कारण पाच वाजले होते आणि मला वाद घालायचा कंटाळा आला होता. प्राचार्यांची भीती वगैरे काही नव्हती. घरी जायचं होतं. आणि नंतर तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं नाही, कारण तुमच्या नजरेतून उतरेन अशी भीती वाटली.”

त्या समोर गाडीकडे बघत होत्या. म्हणाल्या, “कंटाळा मलाही येतो. रोज येतो.” मग माझ्याकडे वळून, “कंटाळा हे कारण आहे, पवार सर. लिहिता आलं असतं. त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी दुसऱ्या दिवशीच पाणी आणायला गेले असते.”

“हो.”

“ते पोरगं आता शाळेत जातं. गुरुजींच्याच.”

ड्रायव्हर परत आला, कंडक्टरनं घंटी दिली. मी उठलो. मॅडमनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिशवीचे बंद त्यांच्या बोटांत रुतले होते, ते त्यांनी एकेक करून सोडवले.

“जळगावलाच जाताय ना? अकरा बाटल्या आहेत. मांडीवर घेऊन बसा. टपावर चढवू देऊ नका.”

मी पिशवी घेतली. अपेक्षेपेक्षा फार जड होती. दारातून आत चढून खिडकीशी जागा धरेपर्यंत गाडी हलायला लागली होती. मॅडम बाकावरून मोठ्यानं म्हणाल्या, “पवार सर, पोचल्या की सांगाल?”

सात वर्षांनी त्यांनी मला काही विचारलं होतं. ‘कळवतो’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता, तो मी गिळला.

“उद्या दुपारी दोनला स्टेशनवर भाऊंना फोन करतो,” मी खिडकीतून ओरडलो. “झालं म्हणून. नाहीतर नाही झालं आणि का, ते.”

त्यांनी मान हलवली. गाडी हायवेला वळताना मी पिशवी घट्ट धरून मागे वळून पाहिलं. बोरसे मॅडमनी रिकामे हात मांडीवर ठेवले होते, डोकं मागच्या भिंतीला टेकलं होतं, आणि बसल्या बसल्या त्यांना झोप लागली होती.